दोब्रुजा: आधी सीमा सरकली, मग माणसं

डॅन्यूब नदी जर्मनीत उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत वाहत बल्गेरिया-रोमानियाच्या सीमेवर येते. आता काळा समुद्र जवळच आहे, सरळ गेली की पोहोचलीच, असं नकाशा बघताना वाटतं. पण सिलिस्त्रा शहर मागे टाकलं की नदी उत्तरेकडे वळते. चेर्नावोदा गावापाशी समुद्र जेमतेम ६० किलोमीटरवर असतो, तरीही ती वर गालात्सपर्यंत जाते, तिथे पुन्हा पूर्वेला वळते आणि मोठ्या त्रिभुज प्रदेशातून तीन फाट्यांनी समुद्राला मिळते. नदीचं हे वळण आणि समुद्र यांच्यामधला जो भूभाग, तो दोब्रुजा.

नदीची वाट या भूभागानेच अडवली आहे. उत्तरेला मचिनचे डोंगर आहेत. त्यांचं सर्वांत उंच शिखर फक्त ४६७ मीटरचं, पण वयाने हे खडक कार्पेथियन पर्वतापेक्षा कितीतरी जुने. दक्षिणेकडे चुनखडीच्या थरांवर पसरलेलं कोरडं पठार आहे. तिथे पाऊस कमी, वारा सतत आणि ओढे-नाले तुरळक. खोल विहिरींशिवाय गावं वसणं कठीण. माती मात्र सुपीक, म्हणून गहू आणि सूर्यफूल भरपूर. सगळा प्रदेश मिळून सुमारे २३,००० चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या कोकणाच्या साधारण पाऊणपट. त्यातला दोनतृतीयांश भाग आज रोमानियात आहे, उरलेला बल्गेरियात.

नकाशातली एक गोष्ट नीट पाहिली की पुढचा बराचसा इतिहास आपोआप कळतो. दोब्रुजाच्या पश्चिमेला आणि उत्तरेला डॅन्यूब आहे, पूर्वेला समुद्र आहे. दक्षिणेला काहीच नाही. ना नदी, ना डोंगररांग. पठार तसंच पुढे बल्गेरियात पसरत जातं. तीन बाजू निसर्गाने आखून दिल्या आणि चौथी मोकळी सोडली. दोब्रुजाचा वाद म्हणजे या चौथ्या बाजूची रेघ कुठे मारायची याचा वाद. १८७८ ते १९४० या ६२ वर्षांत ती रेघ पुन्हा पुन्हा मारली गेली.

सैन्यांच्या दृष्टीने हा प्रदेश म्हणजे एक दरवाजा होता. उत्तरेच्या गवताळ मैदानांतून घोड्यांवर येणाऱ्या टोळ्यांना बाल्कनमध्ये किंवा थेट कॉन्स्टँटिनोपलकडे जायचं असेल, तर डॅन्यूब ओलांडून किनाऱ्याच्या कडेने खाली उतरणं सगळ्यांत सोपं. त्याच्याही आधी समुद्रमार्गे ग्रीक आले होते. इ.स.पू. सातव्या शतकात त्यांनी हिस्त्रिया वसवलं, पुढे तोमिस आणि कालातिस. मग रोमन आले. सम्राट ऑगस्टसने इ.स. ८ मध्ये ओव्हिड या कवीला तोमिसला हद्दपार केलं, आणि तो तिथल्या थंडीची आणि सीमेवरच्या हल्ल्यांची तक्रार करत तिथेच वारला. तोमिस म्हणजे आजचं कॉन्स्टान्त्सा, रोमानियाचं सर्वांत मोठं बंदर. तिथल्या चौकात १८८७ पासून ओव्हिडचा पुतळा उभा आहे.

इ.स. ६८० च्या सुमारास अस्पारुख नावाच्या सरदाराच्या बल्गारांनी डॅन्यूबच्या मुखाजवळ बायझंटाईन सैन्याला हरवलं, आणि बल्गेरिया आपल्या राज्याचा आरंभ तिथूनच मोजतो. चौदाव्या शतकात इथे दोब्रोतित्सा नावाचा राजा होता. प्रदेशाचं नाव त्याच्यावरून पडलं. त्याच शतकाच्या शेवटी वालाखियाचा, म्हणजे आजच्या दक्षिण रोमानियातल्या राज्याचा, राजा मिर्चा इथे काही वर्षं सत्तेवर होता, आणि रोमानियाचा ऐतिहासिक दावा त्याच्यावर उभा आहे. म्हणजे दोन्ही देशांच्या पाठ्यपुस्तकांत दोब्रुजा आपलाच, आणि दोघांकडे त्यासाठी पुरावेही आहेत. माझ्या मते या पुराव्यांच्या लढाईत फार अडकू नये. विसाव्या शतकात जे घडलं ते अस्पारुखमुळे किंवा मिर्चामुळे घडलं नाही. ते समजण्यासाठी ऑटोमन काळात इथे कोण राहत होतं हे पाहावं लागतं.

ऑटोमन सत्ता इथे साडेचारशे वर्षांहून जास्त टिकली, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीपासून १८७८ पर्यंत. त्यांच्याही आधी, तेराव्या शतकात, अनातोलियातले, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले, तुर्कमेन इथे येऊन राहिले होते. त्यांच्याशी जोडलेल्या सारी साल्तुक या संताची कबर बाबादाग गावात आहे. पण वस्तीचं खरं मिश्रण झालं ते अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात, आणि त्याला कारण युद्धं. रशिया आणि ऑटोमन साम्राज्य यांच्यात दर पंधरा-वीस वर्षांनी लढाई होई, आणि जवळपास प्रत्येक वेळी रशियन सैन्य याच दरवाजाने खाली येई. गावं जळत, लोक पळत, शेतं ओसाड पडत. मग ऑटोमन सरकारला तिथे कोणीतरी वसवावं लागे, आणि वसायला तयार असणारे बहुधा दुसरीकडून हाकललेले लोक असत.

क्रिमिया रशियाने १७८३ मध्ये गिळला तेव्हा तिथले तातार इथे येऊ लागले. १८५३-५६ च्या क्रिमियन युद्धानंतर तर लोंढाच आला. त्यांच्यासाठी १८५६ मध्ये सुलतान अब्दुलमजीदच्या नावाने एक नवं शहरच वसवण्यात आलं. ते आजचं मेदजिदिया. १८६४ मध्ये रशियाने कॉकेशसमधून चेर्केसांना हाकललं, त्यांतलेही काही इथे पोहोचले. त्याआधी सतराव्या शतकात मॉस्कोच्या चर्चने प्रार्थनेच्या जुन्या पद्धती बदलल्या होत्या. तो बदल नाकारणाऱ्या जुन्या पंथाच्या रशियनांचा छळ झाला, आणि त्यांतले काही डॅन्यूबच्या त्रिभुज प्रदेशात लव्हाळ्यांच्या बेटांमध्ये येऊन मासेमारी करू लागले. त्यांना लिपोवन म्हणतात. त्यांची दाढीवाली पुरुषमंडळी आणि जुन्या पंचांगाप्रमाणे पाळले जाणारे सण अजून तिथे दिसतात. रशियाच्या कॅथरीनने १७७५ मध्ये आजच्या युक्रेनमधला झापोरोझियाचा कोसॅक या लढवय्यांचा तळ मोडला, तेव्हा कोसॅकही इकडेच आले. १८४० च्या दशकात डॅन्यूबच्या उत्तरेकडच्या बेसराबियातून (आजचा मोल्दोव्हा आणि आसपासचा भाग) जर्मन शेतकरी आले. ट्रान्सिल्वेनियातले रोमानियन मेंढपाळ दर हिवाळ्यात कळप घेऊन उतरत, आणि काही इथेच राहिले. बल्गेरियन शेतकरी, ग्रीक आणि आर्मेनियन व्यापारी, गगाऊझ (तुर्की भाषा बोलणारे ख्रिस्ती), तुर्क होतेच. मचिनच्या डोंगरात ग्रेची नावाचं गाव आहे, तिथे दगडाच्या खाणींवर काम करायला चक्क इटालियन कुटुंबं आली.

हे सगळे लोक एकमेकांवर प्रेम करत एकत्र नांदत होते असं चित्र मी रंगवणार नाही. गावं बहुतेक वेगवेगळी होती, लग्नं आपापल्यातच होत. पण शेजारच्या गावात वेगळी भाषा, वेगळं देऊळ असणं ही तिथे रोजची गोष्ट होती, आणि ती कोणाला दुरुस्त करावीशी वाटत नव्हती. साम्राज्याला कर आणि सैनिक मिळाले की पुरे होतं. राष्ट्र-राज्याला त्याहून जास्त हवं असतं, आणि ते इथे १८७८ मध्ये आलं.

ते आलं तेही विचित्र मार्गाने. १८७७ मध्ये रशियाने ऑटोमन साम्राज्याशी युद्ध पुकारलं, आणि रोमानिया रशियाच्या बाजूने लढला. युद्ध जिंकल्यावर रशियाने रोमानियाकडेच मागणी केली की दक्षिण बेसराबिया परत द्या. क्रिमियन युद्धात हरल्यामुळे हा पट्टा १८५६ मध्ये रशियाला सोडावा लागला होता, आणि डॅन्यूबच्या मुखापर्यंत पुन्हा पोहोचायचं त्याच्या मनात होतं. बदल्यात रोमानियाला काय, तर उत्तर दोब्रुजा. बर्लिनच्या काँग्रेसने जुलै १८७८ मध्ये हे मान्य केलं. बुखारेस्टमध्ये लोक संतापले. ज्या सहकाऱ्यासाठी रक्त सांडलं त्यानेच आपला प्रांत घेतला आणि तुर्क-तातारांचं, दलदलीचं, तापाचं माळरान गळ्यात बांधलं, अशी भावना होती. ज्या भूमीला पुढे मातृभूमीचा अविभाज्य भाग म्हटलं गेलं, ती आधी नको असताना मिळाली होती. बर्लिनने दक्षिणेची रेघ सिलिस्त्राच्या पूर्वेपासून समुद्रावर मंगालियाच्या दक्षिणेपर्यंत मारली. तिच्या खालचा भाग नव्या बल्गेरियाकडे गेला.

मिळालेल्या भागाचं रोमानियाने सोनं केलं, हे मान्य करायला हवं. समुद्र मिळाला म्हणजे जगाच्या धान्यबाजाराचं दार उघडलं. आंगेल सालिन्यी या अभियंत्याने चेर्नावोदाला डॅन्यूबवर रेल्वेपूल बांधला, तो १८९५ मध्ये खुला झाला आणि त्या वेळी युरोपातल्या सर्वांत लांब पुलांमध्ये मोजला गेला. कॉन्स्टान्त्साचं आधुनिक बंदर १९०९ मध्ये सुरू झालं. याच काळात तिथे राजाच्या नावाने मोठी मशीदही उभी राहिली. दुसरीकडे, इथल्या रहिवाशांना पहिली तीस वर्षं संसदेच्या निवडणुकीत मताचा हक्क नव्हता. आधी रोमानियन वस्ती वाढू दे, मग हक्क देऊ, असा सरकारचा हिशेब होता.

डॅन्यूबच्या मुखाशी या सगळ्याला समांतर आणखी एक राज्यच चाललं होतं. सुलिना फाट्याच्या तोंडाशी गाळ साचून जहाजं अडकत, आणि रोमानियन भूमीतला गहू ब्रिटनला न्यायचा तर ते परवडणारं नव्हतं. म्हणून १८५६ मध्ये युरोपीय डॅन्यूब आयोग स्थापन झाला. त्याला स्वतःचा झेंडा होता, स्वतःची वसुली होती, नदीवरच्या गुन्ह्यांचा निवाडा करण्याचा अधिकार होता. चार्ल्स हार्टली या ब्रिटिश अभियंत्याने समुद्रात बांध घालून आणि नदीची वळणं छाटून मोठ्या जहाजांना वाट करून दिली. सुलिना हे खेडं काही दशकं बहुभाषी बंदर बनलं. तिथली दफनभूमी आजही वेगवेगळ्या धर्मांच्या भागांत विभागलेली आहे.

आता १९१३ कडे येऊ, कारण गाठ इथे घट्ट बसली. पहिल्या बाल्कन युद्धात जिंकलेल्या मुलखाच्या वाटणीवरून बल्गेरियाने सर्बिया आणि ग्रीस या आपल्याच मित्रांवर हल्ला केला. बल्गेरियाचं सैन्य तिकडे गुंतलेलं असताना रोमानियाने उत्तरेकडून प्रवेश केला आणि फारशी लढाई न होता सोफियाच्या जवळ पोहोचला. ऑगस्ट १९१३ च्या बुखारेस्ट तहाने दक्षिण दोब्रुजाही रोमानियाला मिळाला. रेघ आता डॅन्यूबवरच्या तुत्राकानपासून बाल्चिकच्या दक्षिणेला समुद्रापर्यंत आली. या नव्या तुकड्यात बल्गेरियन जवळजवळ निम्मे होते, तुर्क एकतृतीयांशाहून अधिक, आणि रोमानियन शंभरात दोन-तीन. रोमानियाने ही जमीन लोकांसाठी घेतली नव्हती. दक्षिणेची उघडी बाजू आणखी दूर ढकलण्यासाठी घेतली होती. माझ्या मते रोमानियाची ही मोठी चूक होती. तिने बल्गेरियासारखा शेजारी पिढीभरासाठी शत्रू केला.

तीनच वर्षांनी, सप्टेंबर १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धात बल्गेरियन आणि जर्मन सैन्याने तुत्राकानचा किल्ला काही दिवसांत पाडला आणि हजारो रोमानियन सैनिक कैद झाले. पाठोपाठ अख्खा दोब्रुजा गेला. १९१९ च्या नेयीच्या तहाने दक्षिण भाग पुन्हा रोमानियाकडे आला.

युद्धांदरम्यानच्या वीस वर्षांची कहाणी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण सीमेच्या राजकारणात साधी माणसं कशी वापरली जातात ते तिथे उघड दिसतं. रोमानियाला दक्षिण दोब्रुजात रोमानियन हवे होते. १९२४ च्या कायद्याने ऑटोमन काळच्या जमिनीची मालकी पक्की करून घ्यायची तर तिचा एकतृतीयांश हिस्सा सरकारला द्यावा लागे. तुर्क आणि बल्गेरियन शेतकऱ्यांकडून अशी जमीन निघाली, पण त्यावर बसवायचं कोणाला? तेव्हा नजर गेली अरोमानियन लोकांकडे. हे ग्रीस, अल्बानिया, मॅसेडोनियाच्या डोंगरांतले मेंढपाळ. त्यांची भाषा लॅटिनपासून निघालेली, रोमानियनच्या जवळची. आणि नेमकं याच वेळी त्यांच्याही पायाखालची जमीन सरकली होती. १९२३ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी लोकांची सक्तीची अदलाबदल केली, अनातोलियातून आलेले ग्रीक निर्वासित उत्तर ग्रीसमध्ये वसवले गेले, आणि मेंढपाळांची चराऊ रानं शेतीखाली गेली. म्हणून १९२५ पासून अरोमानियन कुटुंबं दोब्रुजात येऊ लागली.

त्यांना सीमेलगतच्या गावांत जमिनी दिल्या गेल्या, आणि अनेकांच्या हाती बंदुकाही. पलीकडून बल्गेरियन क्रांतिकारी संघटनेच्या सशस्त्र टोळ्या येत, अलीकडून वसाहतवाल्यांच्या टोळ्या त्यांना उत्तर देत. ज्याची जमीन गेली तो बल्गेरियन शेतकरी आणि ज्याला ती मिळाली तो अरोमानियन मेंढपाळ, दोघेही कुठल्यातरी दूरच्या राजधानीच्या हिशेबात बसवलेले. याच काळात रोमानियाची राणी मारी बाल्चिकच्या किनाऱ्यावर बागांनी वेढलेला, मिनार असलेला छोटासा वाडा बांधून राहत होती. ती १९३८ मध्ये वारली. तिच्या इच्छेप्रमाणे तिचं हृदय तिथल्या छोट्या चर्चमध्ये ठेवलं गेलं, पण दोन वर्षांत तेही हलवावं लागलं.

कारण १९४० आलं. जून महिन्यात सोव्हिएत संघाने रोमानियाकडून बेसराबिया घेतला, ऑगस्टच्या अखेरीस जर्मनी आणि इटलीने रोमानियाचा उत्तर ट्रान्सिल्वेनिया हंगेरीला देववला. त्याच दबावाखाली ७ सप्टेंबर १९४० रोजी क्रायोवा इथे करार झाला आणि दक्षिण दोब्रुजा बल्गेरियाला परत गेला. रेघ पुन्हा १८७८ च्या जागी आली.

इतक्यावर थांबलं असतं तर हा सीमाबदलांच्या यादीतला आणखी एक बदल ठरला असता. पण करारात आणखी एक कलम होतं: उत्तर दोब्रुजातले सगळे बल्गेरियन दक्षिणेला जातील, दक्षिणेतले सगळे रोमानियन उत्तरेला. सक्तीने, तीन महिन्यांत. तोंडावर हिवाळा होता. सुमारे १,००,००० लोक उत्तरेकडे गेले आणि ६०,००० हून अधिक दक्षिणेकडे. घर आणि शेत मागे राहिलं. ते त्या त्या सरकारचं झालं. अरोमानियन कुटुंबांनी पंधरा वर्षांपूर्वी कोरडं माळरान नांगरलं होतं, ती पुन्हा गाड्या भरून निघाली आणि उत्तरेत दुसऱ्या कोणाच्या रिकाम्या घरांत राहिली. त्याच शरद ऋतूत हिटलरच्या धोरणानुसार दोब्रुजातले सुमारे १४,००० जर्मनही राईखकडे, म्हणजे नाझी जर्मनीकडे, हलवले गेले. त्यांची घरंही रिकामी झाली आणि भरली.

तोवर सीमा माणसांवरून पुढेमागे सरकत होती. घर तिथेच राही, राजा बदले. १९४० मध्ये पहिल्यांदा माणसांना सीमेच्या मापाने कापलं गेलं. क्रायोवाचा करार शांततेने सुटलेला वाद म्हणून अनेकदा सांगितला जातो. गोळी न झाडता सही झाली आणि १९४७ च्या पॅरिस तहातही ही सीमा टिकली, हे खरं आहे. दोन्ही देशांत त्यानंतर दोब्रुजावरून भांडण झालं नाही, हेही खरं. पण ज्यांनी ती किंमत मोजली त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि 'शांतता' हा शब्द वापरताना हे सोबत सांगितलं गेलं पाहिजे असं मला ठामपणे वाटतं.

तुर्क आणि तातार या करारात नव्हतेच. ते दोन्ही बाजूंना जागच्या जागी राहिले, पण सुखाने नाही. रोमानियाने १९३६ मध्ये तुर्कस्तानशी करार करून त्यांच्या स्थलांतराची वाट आधीच मोकळी केली होती. बल्गेरियात कम्युनिस्ट सरकारने १९८४-८५ मध्ये तुर्कांची नावं जबरदस्तीने बदलून बल्गेरियन केली, आणि १९८९ च्या उन्हाळ्यात देशभरातून तीन लाखांहून जास्त तुर्क तुर्कस्तानात गेले. त्यांत दक्षिण दोब्रुजातली गावंही होती. आज रोमानियाच्या संसदेत तुर्क, तातार, लिपोवन अशा मान्यताप्राप्त अल्पसंख्याकांना एकेक जागा राखीव असते. बल्गेरियाची राज्यघटना मात्र वांशिक आधारावर पक्ष काढू देत नाही.

कम्युनिस्ट काळाबद्दल एक गोष्ट तरी सांगायलाच हवी. नदी जी ६० किलोमीटरची वाट टाळते, ती माणसांनी कालवा खणून काढायची असं रोमानियाने १९४९ मध्ये ठरवलं, आणि कामाला राजकीय कैदी जुंपले. पाद्री, विद्यार्थी, जमीनदार ठरवलेले शेतकरी. उपासमार, आजार आणि मारहाण यांत असंख्य जण मेले. १९५३ मध्ये काम बंद पडलं, १९७० च्या दशकात यंत्रांनिशी पुन्हा सुरू झालं, आणि १९८४ मध्ये कालवा खुला झाला. जहाजांचा सुमारे ४०० किलोमीटरचा वळसा वाचला. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर युक्रेनचं बरंच धान्य डॅन्यूबवरच्या बंदरांतून आणि या कालव्यातून कॉन्स्टान्त्साला पोहोचलं.

त्या युद्धामुळे दोब्रुजाची उत्तर बाजू, जी कधी वादात नव्हती, तीच आता धोक्याची झाली आहे. डॅन्यूबचा किलिया फाटा ही रोमानिया-युक्रेन सीमा. पलीकडे इझ्मईल बंदर, आणि त्यावर रशियन ड्रोन येतात. सप्टेंबर २०२३ मध्ये अलीकडच्या प्लाउरू गावाजवळ ड्रोनचे तुकडे सापडले. दक्षिणेची रेघ मात्र शांत आहे. दोन्ही देश २००७ मध्ये युरोपीय संघात आले आणि १ जानेवारी २०२५ पासून त्यांच्यातल्या जमिनीवरच्या सीमेवर पासपोर्ट तपासणी बंद झाली.

१९४० मध्ये दक्षिणेत घर सोडून आलेल्यांसाठी रोमानियाने कायदा केला तो १९९८ मध्ये. तिकडे राहिलेल्या शेतजमिनीची, घराची कागदपत्रं दाखवून मूळ मालकाला किंवा वारसांना रोमानियन सरकारकडे भरपाई मागता येते. दावे पुढे कित्येक वर्षं चालले. बैलगाडीत बसून उत्तरेला आलेलं दहा वर्षांचं मूल कायदा आला तेव्हा ६८ वर्षांचं झालं होतं.